वाचनालयाच्या फायली : स्थलांतराच्या प्रकल्प नोंदी

9 जून 2025

आजपासून काम सुरू. तालुक्याच्या गावातलं जुनं सार्वजनिक वाचनालय, तेरा वर्षं वर्डप्रेस या संकेतस्थळ चालवणाऱ्या व्यवस्थेवर चाललेलं त्यांचं संकेतस्थळ, आणि अपलोडच्या फोल्डरात साठलेल्या नऊ हजारांवर फायली. हे सगळं वॅगटेल या तशाच दुसऱ्या व्यवस्थेवर न्यायचं आहे. पानं, मेनू, सूचनाफलक ही कामं होऊन जातील. वेळ जाणार आहे तो फायलींमध्ये.

नऊ हजार ऐकून कार्यवाह काका खूश झाले, पण त्या सगळ्या खऱ्या फायली नव्हेत. एक छायाचित्र चढवलं की वर्डप्रेस त्याची लहान-मोठी रूपं आपणहून करून ठेवतं: 150, 300, 768, 1024 पिक्सेल, आणि 2019 च्या 5.3 आवृत्तीपासून 1536 आणि 2048 सुद्धा. मूळ चित्र 2560 पेक्षा मोठं असलं तर ‘स्केल्ड’ अशी शेपटी लावलेलं आणखी एक. सगळी त्या महिन्याच्या फोल्डरात शेजारी शेजारी. मूळ कोणतं आणि त्याची पिल्लं कोणती याची नोंद डेटाबेसमध्ये असते, पण ती एकाच रकान्यात पीएचपीच्या पद्धतीने गुंडाळून ठेवलेली. ती उलगडायला आधी स्क्रिप्ट लिहावी लागली. संध्याकाळी मूळ फायलींचा आकडा हाती आला: 1,640.

11 जून

वर्डप्रेसमध्ये चढवलेली फाइल लेखांच्याच तक्त्यात एक ‘पोस्ट’ म्हणून बसते, प्रकार ‘अटॅचमेंट’. त्यामुळे लेखाचे सगळे रकाने तिला मिळतात. चित्राखालची ओळ लेखाच्या सारांशाच्या रकान्यात जाते, वर्णन मजकुराच्या रकान्यात. ज्या काळी हे ठरलं त्या काळी ते सोयीचंच होतं. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली आहे: फाइल कुठल्या तरी लेखाची असते, आणि तो लेख एकच असतो. ‘पोस्ट पॅरेंट’ रकान्यात एकच आकडा मावतो. ज्या लेखातून फाइल पहिल्यांदा चढवली, तो. पुढे ती आणखी दहा ठिकाणी वापरली तरी त्या रकान्याला कळत नाही, कारण लेखात चित्राचा अख्खा वेबपत्ता पानाच्या एचटीएमएलमध्ये लिहून टाकलेला असतो.

म्हणून ‘ही फाइल कुठे कुठे वापरली आहे?’ या साध्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. सगळ्या लेखांचा मजकूर चाळून शोधायचं, एवढंच हातात उरतं.

12 जून

आज दिवसभर एकाच फोटोवर होते. वाचनालयाच्या इमारतीची कोनशिला बसवतानाचा कृष्णधवल फोटो. उजवा वरचा कोपरा कसरीने खाल्लेला. मधे कोट-टोपीतले पाहुणे, मागे बांबूची परांची. कडेला एक मुलगा उभा आहे, तो फोटोग्राफरकडे न बघता कोनशिलेकडे बघतोय. हा फोटो फोल्डरात तीनदा आहे: इतिहासाच्या पानासाठी, एका माजी अध्यक्षांच्या श्रद्धांजलीसाठी, आणि इमारत निधीच्या आवाहनासाठी.

ग्रंथपाल बाईंना विचारलं, तीनदा का चढवला?

“अगं, एकदा चढवलेलाच वापरत होते की. पण श्रद्धांजलीसाठी त्याच्याखाली ‘डावीकडून तिसरे’ असं लिहिलं. पुढच्या वेळी फोटो निवडला की तीच ओळ घेऊन येतो. आवाहनात ती ओळ कशाला? मग नवीनच चढवायचे.”

बाईंचं काही चुकलेलं नाही. त्यांनी अडचणीतून वाट काढली. या एका फोटोबद्दल तीन निरनिराळ्या गोष्टींची माहिती आहे आणि व्यवस्थेने ती एकाच चौकटीत भरायला लावली. प्रसंग कोणता, साल कोणतं, फोटो कुणी काढला, कागदावरची प्रत कोणाच्या कपाटात आहे, ही फोटोची स्वतःची माहिती. तो कुठेही छापा, ती बदलत नाही. किती पिक्सेल, किती एमबी, टिफ की जेपेग, ही त्या फाइलची माहिती. उद्या चांगल्या यंत्रावर पुन्हा स्कॅन केला तर फाइल बदलेल, फोटो तोच. आणि खालची ओळ ही त्या जागेची. दृष्टिहीन वाचकाला ऐकू येणारा पर्यायी मजकूरही जागेचाच. इतिहासाच्या पानावर ‘कोनशिलेभोवती जमलेली मंडळी’ पुरे, श्रद्धांजलीत ऐकणाऱ्याला तो माणूस हवा.

वॅगटेलने हे फार उशिरा, नोव्हेंबर 2024 च्या 6.3 आवृत्तीत मनावर घेतलं: चित्राला स्वतःचं वर्णन मिळालं, आणि पानाच्या रचनेत चित्र बसवताना त्या जागेपुरता वेगळा पर्यायी मजकूर देता येऊ लागला. त्याआधी कुणी काही लिहिलं नसेल तर चित्राचं शीर्षक तिथे जाई, आणि शीर्षक म्हणजे बहुतेक वेळा फाइलचं नाव. ‘आयएमजी 0047’ असं ऐकणाऱ्या माणसाचा विचार मनातून जात नाही.

17 जून

सकाळी बाईंनी दाखल वही उघडून दाखवली. प्रकल्पातला आतापर्यंतचा सगळ्यात कामाचा तास.

वाचनालयात आलेल्या प्रत्येक प्रतीला दाखल क्रमांक मिळतो. एकाच कादंबरीच्या पाच प्रती असतील तर क्रमांक पाच. “पुस्तक वेगळं आणि प्रत वेगळी,” बाई म्हणाल्या, “वाचक पुस्तक मागतो, आपण प्रत देतो.” प्रत कपाट बदलते, बांधणीला जाते, क्रमांक तोच. आणि हरवली किंवा फाटून गेली तर? त्यांनी एक पान काढलं. ओळ तशीच होती, फक्त शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या शाईत ‘निर्लेखित’ आणि समितीच्या ठरावाचा क्रमांक. मी विचारलं, हा क्रमांक मोकळा झाला, मग पुढच्या पुस्तकाला देता का? बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचं विचारायची गरज उरली नाही.

ग्रंथालयशास्त्रात हे विचार मांडून झालेले आहेत. इफ्ला या आंतरराष्ट्रीय महासंघाने 1998 साली चार पायऱ्या सांगितल्या: कृती, तिची अभिव्यक्ती, प्रकाशित रूप, आणि हातात येणारी प्रत. संकेतस्थळं बांधणारे आम्ही मात्र अजून फाइलच्या नावावर भांडतोय. मला इथे चारही पायऱ्या लागणार नाहीत, पण दाखल क्रमांकाची शिस्त जशीच्या तशी उचलणार आहे.

19 जून

आज ठरलेलं काम बाजूला ठेवावं लागलं. फोल्डर चाळताना सभासदत्वाच्या अर्जांचे स्कॅन सापडले, सोबत ओळखपत्रांच्या छायाप्रती. ऑनलाइन अर्जाची सोय केली तेव्हापासून ते तिथेच पडून आहेत. वर्डप्रेसमध्ये लेख मसुदा असो की खाजगी, फाइलचा पत्ता ज्याला माहीत त्याला ती उघडते, कारण ती थेट सर्व्हर देतो, वर्डप्रेसला कुणी विचारत नाही. त्यात इथे फोल्डरची यादीही ब्राउझरमध्ये उघडी दिसत होती.

दहा मिनिटांत तो भाग सर्व्हरवरच बंद केला. मग कार्यवाह काकांना फोन. त्यांचा आवाज बसला. सभासदांना कळवायचं त्यांनी लगेच ठरवलं, याबद्दल मला त्यांचा आदर वाटला.

नव्या रचनेसाठी यातून निघालं ते असं: कुणी बघावं हा गुणधर्म वस्तूचा, फाइल कुठल्या फोल्डरात आहे याचा नव्हे. ड्रुपल या तशाच आणखी एका व्यवस्थेत सार्वजनिक आणि खाजगी अशी दोन निराळी कोठारं आहेत, ती चांगली सोय आहे, पण उद्या एखादी गोष्ट खाजगी करायची तर फाइल उचलून दुसरीकडे न्यावी लागते. वॅगटेलमध्ये दस्तऐवज परवानगी तपासून दिले जातात, चित्रं मात्र थेट. म्हणजे अर्जाचा फोटो कुणी ‘चित्र’ म्हणून चढवला तर पुन्हा तोच खड्डा. जुने अर्ज नव्या स्थळावर नेणारच नाही. काकांच्या ताब्यात एका ड्राइव्हवर दिले, सर्व्हरवरून पुसले.

24 जून

रचना ठरली. तीन तक्ते.

‘वस्तू’: फोटो, अंक, नियमावली, अहवाल, जे काही वाचनालय आपलं म्हणतं ते. हिला दाखल क्रमांक, तोच तिच्या वेबपत्त्यात. शीर्षक, साल, श्रेय, हक्क, कुणाला दिसावं, हे सगळं इथे.

‘फाइल’: नुसते बाइट. चढवली की तिचा शा-256 ठसा, म्हणजे बाइटांवरून गणिताने निघणारी खूण, काढायचा, 64 अक्षरांचा, आणि साठवणुकीत तेच तिचं नाव. मूळ नाव एका रकान्यात जपायचं, पण त्यावर काही अवलंबून ठेवायचं नाही. फाइल कधी बदलत नाही. दुरुस्त प्रत ही नवी फाइल. प्रत्येक फाइलला वस्तूच्या संदर्भात एक भूमिका: मूळ, वाचनप्रत, किंवा मजकूर. तीच फाइल पुन्हा चढवली तर ठसा जुळतो आणि दुसरी साठत नाही. कोनशिलेच्या तीन फोटोंपैकी दोन असे एका झटक्यात एकत्र आले. तिसऱ्याचा कोपरा कुणीतरी कापलेला होता, तो हाताने जोडला.

‘वापर’: कोणत्या पानावर, कोणत्या जागी, खालची ओळ काय, पर्यायी मजकूर काय.

यात माझं स्वतःचं फारसं काही नाही. एमआयटी आणि एचपी यांनी 2002 साली आणलेल्या डीस्पेस या डिजिटल संग्रहाच्या व्यवस्थेत वस्तू, तिच्यातले गठ्ठे आणि गठ्ठ्यांतले ‘बिटस्ट्रीम’ म्हणजे फायली असे थर पहिल्यापासून आहेत. मूळ फायलींचा गठ्ठा वेगळा, काढलेल्या मजकुराचा वेगळा, लघुचित्रांचा वेगळा. विकिमीडिया कॉमन्सवर एकाच पानाखाली फाइलची नवी आवृत्ती चढते आणि जुनी इतिहासात राहते. फक्त रोजच्या संकेतस्थळांच्या व्यवस्थांनी हे शहाणपण घेतलं नाही, कारण तिथे फाइल म्हणजे लेखाला लावायचं चित्र, अशीच समजूत राहिली.

लघुचित्रांना यात जागा नाही. ती मूळापासून कधीही पुन्हा करता येतात, म्हणून बॅकअपमध्येही नाहीत. मूळ मात्र दोन ठिकाणी. ए4 आकाराचं रंगीत पान 400 डीपीआयने स्कॅन केलं की न दाबलेली टिफ सुमारे 46 एमबीची होते, तेव्हा कशाची प्रत जपायची आणि कशाची नाही हे आधीच ठरलेलं बरं.

2 जुलै

आयात करणारी स्क्रिप्ट एका फाइलवर अडून बसली. ‘दुसऱ्या महायुद्धातील कात्रणे’. यादीत आहे, फोल्डरात आहे, डोळ्यांना दोन्ही नावं अक्षरशः सारखी, आणि स्क्रिप्ट म्हणते फाइल नाही. असल्या आणखी अकरा. सगळ्यांच्या नावांत एक गोष्ट समान होती, ती दिसायला मला दुपार झाली: ‘साऱ्या’, ‘कोऱ्या’, ‘तिसऱ्या’. सगळीकडे ऱ.

युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना संकेत देणाऱ्या मानकात, हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येतं. 0931 हा एकच संकेत, तीन बाइट. किंवा 0930 म्हणजे साधा र आणि त्याला 093सी हा नुक्ता, मिळून सहा बाइट. पडद्यावर फरक शून्य. या फायली एका जुन्या मॅकच्या हार्ड डिस्कवरून आल्या होत्या, आणि तिथली जुनी एचएफएस प्लस ही व्यवस्था नाव साठवताना असं अक्षर फोडून ठेवत असे. लिनक्सचा सर्व्हर बाइट बघतो. त्याच्या दृष्टीने ही दोन निराळी नावं.

दोन्ही बाजू एकाच रूपात आणून तुलना केली, बारा फायली सापडल्या. मराठी नावांचे आणखी हाल बघून ठेवले: देवनागरी अक्षर यूटीएफ-8 या साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट घेतं, त्यामुळे लिनक्सच्या 255 बाइटच्या मर्यादेत 85 अक्षरंच बसतात, आणि काना-मात्रा-हलन्त हेही मोजणीत येतात. पत्त्यात तर प्रत्येक अक्षराची नऊ चिन्हं होतात. वर्डप्रेसचा पत्त्याचा रकाना 200 चिन्हांचा, म्हणून आमच्या लेखांची मराठी नावं बाविसाव्या अक्षराच्या आसपास तुटलेली आहेत. ‘ग्रंथदिंडी आणि बालवाचक मेळावा’ या लेखाच्या पत्त्यात ‘मेळावा’ नाहीच. नावाला ओळख मानलं की असं होतं. माणसाने आपल्या भाषेत फाइलला हवं ते नाव द्यावं, आणि ते नाव यंत्राच्या कामात आडवं येऊ नये, एवढंच मागणं आहे.

8 जुलै

दिवाळी अंक. ज्यासाठी बाईंनी हे काम माझ्याकडे दिलं ते हे.

जुने अंक स्कॅन करून एका अंकाची एक पीडीएफ अशी ठेवली आहेत. वाचकाला ‘अंक उतरवून घ्या’ असं एक बटण. शोध घेतला तर काही सापडत नाही. बाईंना हवंय असं: आजीची गोष्ट कुठल्या अंकात आली होती हे विचारत येणाऱ्या नातीला ती गोष्ट थेट उघडून द्यायची.

म्हणजे अंक ही एक वस्तू, पण आतला प्रत्येक लेख, कथा, कविता हीसुद्धा वस्तू. आणि फाइल यातल्या कशाशीच एकास एक जुळत नाही. समोरच्या अंकात एक कथा पान 84 ला अर्ध्यावर सुरू होते, 91 ला संपत नाही, खाली लिहिलंय ‘पुढील मजकूर पान 143 वर’. 143 वर वरच्या अर्ध्या भागात ही कथा, खाली एका कापड दुकानाची जाहिरात आणि चार ओळींची चारोळी. एका पानावर तीन गोष्टी, एक गोष्ट नऊ पानांवर. (जाहिरातींनाही वस्तू करायचं आम्ही ठरवलं. त्या दुकानांपैकी बरीच आता नाहीत, आणि गावाचा इतिहास त्यांतही आहे.)

आयआयआयएफ या ग्रंथालयांच्या मानकातली ‘कॅनव्हास’ची कल्पना इथे उपयोगी पडली. पान म्हणजे स्कॅनचं चित्र नव्हे. पान म्हणजे एक कोरी, मोजमाप असलेली जागा, आणि चित्र तिच्यावर चिकटवायचं. स्कॅन वाकडा आला, पुन्हा केला, चित्र बदललं; पान तेच, आणि ‘कथा पान 84 च्या या भागात सुरू होते’ ही नोंदही तशीच. एखादं पान फाटून गेलं असेल तर जागा रिकामी दाखवता येते. पीडीएफमध्ये हरवलेलं पान कळतसुद्धा नाही, पुढचं पान त्याच्या जागी सरकतं.

10 जुलै

हक्कांचा प्रश्न. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरचं वर्ष सुरू झाल्यापासून 60 वर्षं हक्क राहतात. साने गुरुजी 1950 साली गेले, त्यांचं लेखन 1 जानेवारी 2011 पासून सर्वांना खुलं आहे. कुसुमाग्रज 1999 साली गेले, त्यांचं 2060 उजाडेपर्यंत नाही. दोघांसारखे दोन लेखक एकाच अंकात शेजारी असू शकतात. पीडीएफ एकच असली की दोनच वाटा: सगळा अंक उघडा ठेवून एकाचा हक्क मोडायचा, नाहीतर सगळा बंद करून दुसऱ्याचं लेखन वाचकापासून लपवायचं. आत्तापर्यंत पहिली वाट चालू होती, न कळत.

म्हणून हक्क लेखाच्या नोंदीवर, त्यात लेखकाच्या मृत्यूचं साल, आणि खुलं होण्याची तारीख व्यवस्था स्वतः काढेल. साल माहीत नसेल तर बंद. पानावर बंद लेखाचा भाग झाकलेला, खुला भाग दिसतो. हे करायला दोन दिवस जास्त लागले आणि ते मला पटतात.

18 जुलै

लेखांतले चित्रांचे पत्ते काढून त्या जागी क्रमांक घातले. बरेचसे वर्डप्रेसने चित्राला लावलेल्या खुणेवरून जुळले. उरलेले नावावरून, शेवटची ‘300 गुणिले 200’ सारखी मापं छाटून. एका फाइलच्या खऱ्या नावातच शेवटी माप होतं, तिच्यापायी तासभर गेला.

22 जुलै

अंकांचा मजकूर. डीटीपी केलेल्या अंकांच्या पीडीएफ स्थानिक छापखान्याकडून मिळाल्या, पण त्यातला मजकूर उचलला तर रोमन अक्षरं आणि खुणांचा कचरा येतो. श्रीलिपीच्या काळातले फाँट, रोमन अक्षरांच्या घरात देवनागरी आकार बसवलेले. त्यामुळे त्याही स्कॅनसारख्याच धरल्या आणि चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टच्या मराठी मॉडेलमधून काढल्या. निघालेला मजकूर ही वेगळी फाइल, भूमिका ‘मजकूर’, कशाने काढला आणि कुणी तपासला यासह. तपासायला वाचनालयाचे चार ज्येष्ठ सभासद पुढे आले आहेत. त्यांनी दुरुस्त केलेलं यंत्राच्या पुढच्या फेरीत पुसलं जाऊ नये, म्हणून माणसाने हात लावलेल्या मजकुरावर यंत्र लिहीत नाही.

29 जुलै

पुसणं. ड्रुपलमध्ये फाइल कुठे कुठे वापरली त्याची मोजणी ठेवलेली असते, आणि पूर्वी ती शून्यावर आली की फाइल तात्पुरती ठरून काही तासांनी आपोआप उडे. मोजणी दर वेळी बरोबर नसायची, आणि लोकांच्या हव्या त्या फायली गेल्या. 2017 च्या 8.4 आवृत्तीत त्यांनी आपोआप पुसणं बंद केलं. प्लोन या आणखी एका व्यवस्थेत पुसण्याआधी ‘या पानांवरून हिच्याकडे दुवे आहेत’ असं सांगितलं जातं, ते मला जास्त भावतं. वॅगटेलमध्येही 4.1 पासून अशी यादी मिळते.

आमच्याकडे आपोआप काहीच पुसलं जाणार नाही. वस्तू काढायची तर बाई ‘निर्लेखित’ करतील, कारण लिहावं लागेल, क्रमांक राहील. त्या पत्त्यावर आलेल्याला ‘सापडलं नाही’ असं न सांगता ‘हे इथे होतं, अमुक तारखेला काढलं’ असं दिसेल. त्यासाठी एचटीटीपीत, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या बोलण्याच्या नियमांत, 410 हा क्रमांक आहेच. तांबड्या शाईचं काम तो करतो.

6 ऑगस्ट

नवं स्थळ सुरू. सकाळी बाईंनी वर्गणीच्या नियमावलीची दुरुस्त पीडीएफ चढवली. जुन्या फोल्डरात हिची पाच रूपं होती, नावांना 1, 2, ‘फायनल’, ‘फायनल नवीन’ अशा शेपट्या, आणि निरनिराळी पानं निरनिराळ्या रूपांकडे बोट दाखवत होती. आता वस्तू एक, फायली पाच, सहावी आज आली. जुने पाचही पत्ते तिच्याकडे वळवले आहेत.

पायऱ्या चढताना दाराशेजारी चिकटवलेला जुना क्यूआर दिसला, कडा पिवळ्या पडलेल्या, एका कोपऱ्यात चुन्याचा डाग. फोन धरला. आजची नियमावली उघडली.

उरलेलं: 212 फोटोंना ‘कुणी काढला’ रिकामं आहे. कोनशिलेच्या फोटोचा मोठा प्रिंट बाईंनी वाचनकक्षात लावला आहे, शेजारी पेन्सिल आणि कोरा कागद.